वजनाचा कांटा आणि देहाचा हट्ट

गेल्या दिवाळींत आमच्या नांदेडच्या घरीं सारें कुटुंब जमलें होतें. लातुराहून धाकटे बंधु सहकुटुंब आले होते. पुण्याहून मुलगा, सून आणि नातवंडें आलीं होतीं. येतांना नातवानें वजन करण्याचा एक कांचेचा कांटा आणला होता. भाऊबीजेच्या दुपारीं जेवणें आटोपल्यावर तो मधल्या खोलींत मांडण्यांत आला आणि लहानथोर सारे आळीपाळीनें त्यावर उभे राहूं लागले. मुलांना तो एक खेळच झाला. धाकट्या भावजयीची पाळी आली तेव्हां मात्र ती उठेना. आग्रह झाला, थट्टा झाली, आणि त्या थट्टेंत आम्हींही आपला वांटा उचलला. "अनारसे कोणी संपविले तें आतां कांटाच सांगेल," असें आम्ही बोलून गेलों.

भावजय कांट्यावर उभी राहिली. आंकडा सर्वांनीं वाचला. मग ती शांतपणें खालीं उतरून म्हणाली, "दादा, कमी खाल्लं कीं वजन कमी होतं, हें मला कुणी शिकवायला नको. मी अकरा किलो कमी करून दाखवले होते. कमी झालेलं टिकत कां नाहीं, तेवढं मात्र तुम्ही मास्तर आहांत तर सांगा."

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आम्हीं जन्मभर मुलांना शब्दरूपें आणि संधि शिकविले. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु विचारलेल्या प्रश्नास उत्तर न देणें हें मास्तरकीच्या धर्मास सोडून आहे, म्हणून गेले कांहीं महिने आम्हीं या विषयावर जें मिळालें तें वाचलें, समजलें नाहीं तें जाणत्या डॉक्टरांस विचारलें, आणि त्याचें सार येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. हा प्रश्न एका घराचा नाहीं, हें बहुतेक वाचक आपल्याच घराकडे पाहून ओळखतील.

आधीं हकीकत पुरी सांगतों. भावजयीनें चार वर्षांपूर्वीं रात्रीचें जेवण सोडलें, भात सोडला, गोड तर संक्रांतीच्या तिळगुळापुरतेंही ठेवलें नाहीं, आणि पहाटे गच्चीवर तासभर फेऱ्या घालूं लागली. पांच महिन्यांत ती ८१ किलोंवरून ७० वर आली. पुढें दोन वर्षांत, तिच्या म्हणण्याप्रमाणें पहिल्याहून कमीच खात असतां, ती पुन्हां होती तेथें आली. दुसऱ्या खेपेस सात किलो घटले आणि तेही परतले. उलट आमचे बंधु. मॅट्रिकला होते तसेच ते आज साठीच्या घरांत आहेत. ५८ किलोंच्या अलीकडे पलीकडे कधीं गेले नाहींत. ताटांत चार पोळ्या, वर दहीभात, आणि तरीही कसे सडपातळ, असें त्यांचें घरांत कौतुक. मौज ही कीं, गेल्या वर्षीं दोघांच्याही रक्ताची तपासणी झाली तेव्हां मधुमेह निघाला तो या सडपातळ बंधूंना. भावजयीची साखर अद्याप मर्यादेंत आहे.

तर प्रश्न असा. प्रत्येक देहाचें एक ठरीव वजन असतें काय? आणि असल्यास तें कोण ठरवितो?

आमच्या संस्कारानुसार आम्हीं प्रथम चरकसंहिता उघडली. तिच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायास 'अष्टौनिन्दितीय' असें नांव आहे. त्यांत आठ प्रकारचे निंदित देह सांगितले असून अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विचार विस्तारानें केला आहे. स्थौल्याचीं कारणें सांगतांना जड व मधुर अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप, निश्चिंतपणा हीं तर येतातच. पण त्या यादीच्या अखेरीस एक शब्द येतो, तो म्हणजे बीजस्वभाव. मातापित्यांकडून आलेलें बीजच तसें असणें, हें कारण चरकानें इतर कारणांच्या पंक्तीस बसविलें आहे. पुढें तो म्हणतो कीं मेदानें मार्ग अडल्यामुळें वायु कोठ्यांतच फिरतो व अग्नि चेतवितो. म्हणून अशा मनुष्याचें अन्न लवकर जिरतें आणि त्यास पुन्हां भूक लागते. दोहोंपैकीं कृश बरा, कारण दोघांसही व्याधि जडल्यास ती स्थूलासच अधिक पीडते, असाही निर्णय तेथें आहे. म्हणजे स्थूल माणसाची भूक हा केवळ जिभेचा चोचला नसून देहाच्या आंतील एक व्यापार आहे, हें या ग्रंथकारास दिसलें होतें. आम्हीं हा अध्याय तरुणपणीं वाचलेला होता. तरीही भावजयीस बोलतांना तो आठवला नाहीं. ग्रंथ कपाटांत राहिले आणि जीभ मोकळी सुटली, असाच त्याचा अर्थ.

देह आपलें वजन राखतो याचा एक दाखला आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलेला आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां आम्ही दहा-बारा वर्षांचे होतों. कंधार तालुक्यांतील आमच्या गांवीं विहिरी कोरड्या पडल्या. रेशनावर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांस सुकडी मिळे. आमच्या घरीं खडी फोडण्याची पाळी आली नाहीं, पण पोटभर जेवण असें वर्षभर कोणासच मिळालें नाहीं, आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या आईस तर नाहींच नाहीं. तिच्या हातांतील बांगड्या कोपरापर्यंत सरकूं लागल्या, तें आम्हांस अजून दिसतें. पुढच्या वर्षीं पाऊस झाला, ज्वारी पिकली. दोन सुग्या पदरांत पडल्या आणि बांगड्या पुन्हां मनगटावर येऊन बसल्या. तिला कोणी खुराक दिला नव्हता. घर जेवूं लागलें, तिला सडकून भूक लागूं लागली, आणि देह जेथून निघाला होता तेथें परत गेला. तेथें गेल्यावर भूक आपण होऊन शमली, आणि पुढें वीस वर्षें ती बाई तशीच राहिली. त्या काळीं या गोष्टीस आम्ही देवाची कृपा म्हणत होतों. भावजयीच्या बाबतींत घडलें तें हेंच. फरक इतकाच कीं तिच्या घरीं दुष्काळ तिनें स्वतः आणला होता, आणि देहास तो फरक कळत नाहीं.

हें आमचें अनुमान नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानें उपासमार झालेल्या लोकांस पुढें कसें जेवूं घालावें हें समजावें म्हणून या तरुणांनीं स्वेच्छेनें सहा महिने अर्धपोटीं राहण्याचें पत्करलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें उतरलें. परंतु नुसतें वजनच उतरलें नाहीं. देह स्वस्थ असतां जी उष्णता खर्च करतो तीही सुमारें ४० टक्क्यांनीं घटली. नाडी मंद झाली, हातपाय गार पडूं लागले, उठबस नकोशी झाली. मन तर रात्रंदिवस अन्नाभोंवतीं घुटमळूं लागलें. कांहीं जण पाकशास्त्राचीं पुस्तकें जमवून वाचीत बसले. पुढें पोटभर जेवण मिळूं लागल्यावरही कित्येक आठवडे त्यांची भूक शमेना, आणि अंगावरील मेद तर प्रथम पूर्वीपेक्षांही अधिक चढला. हे निवडक, निश्चयी आणि ध्येयवादी तरुण होते. त्यांच्या 'तोंडावर ताबा नव्हता' असें कोण म्हणेल?

या देहव्यापारास चालविणारा कारभारी कोण, हें मागाहून कळलें. १९५३ सालीं केनेडी नांवाच्या इंग्रज संशोधकानें असा तर्क मांडला कीं, अंगावर मेद किती आहे याची वर्दी मेंदूस सतत मिळत असली पाहिजे. ती वर्दी देणारा दूत १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेंत सांपडला. त्याचें नांव लेप्टिन. मेद स्वतःच हें द्रव्य रक्तांत सोडतो. मेद घटला कीं तें घटतें. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस म्हणून एक लहानसा भाग आहे, त्यास ही घट कळते, आणि तो दुष्काळाची दवंडी पिटतो. मग भूक वाढते, तृप्ति उशिरां येते आणि देह काटकसरीनें चालूं लागतो. १९९५ सालीं त्याच विद्यापीठांत मोजून पाहिलें, तेव्हां एकदशांश वजन घटविलेल्या माणसांचा रोजचा उष्मांकांचा खर्च सुमारें १५ टक्क्यांनीं उतरलेला आढळला. अंग लहान झाल्यानें कांहीं खर्च कमी होणारच. पण ही घट त्या हिशेबाहून अधिक होती. २०११ सालीं ऑस्ट्रेलियांत पन्नास स्थूल स्त्रीपुरुषांचें वजन उतरविलें, आणि वर्षभरानंतर पाहिलें तोंही त्यांचीं भूक वाढविणारीं संप्रेरकें चढलेलीं आणि तृप्ति देणारीं उतरलेलींच होतीं.

आतां भावजयीच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सुटला. ७० किलोंवर आलेली ती आणि जन्मतःच ७० किलोंच्या बांध्याची तिची शेजारीण, या दोघी कांट्यावर सारख्या दिसल्या तरी आंतून सारख्या नव्हत्या. शेजारणीस जेवढी पोळी पुरते तेवढी भावजयीस पुरत नव्हती, आणि जेवढी पुरावयास हवी होती तेवढीही तिच्या देहास अधिकच होत होती. पहिल्याहून कमी खाऊन वजन वाढलें, हें तिचें म्हणणें आम्हीं खोटें मानलें होतें. तें खरें असण्यास आतां पुरेसा आधार आहे.

उलट बाजूही तशीच आहे. १९९० सालीं कॅनडांत क्लॉद बूशार यांनीं बारा जुळ्या जोड्यांस आठवड्यांतून सहा दिवस रोज एक हजार उष्मांक अधिक, असें शंभर दिवस खाऊं घातलें. अन्न सर्वांस सारखेंच जादा. पण कोणाचें वजन चार किलोंच्या थोडें वर गेलें तर कोणाचें तेरांच्या वर. विशेष हें कीं जुळ्या भावांपैकीं एकाचें जितकें वाढलें बहुधा तितकेंच दुसऱ्याचें वाढलें. त्यापूर्वीं १९८६ सालीं डेन्मार्कांतील ५४० दत्तकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांत दत्तक गेलेल्यांचा बांधा वाढविणाऱ्या आईबापांसारखा नसून जन्म देणाऱ्यांसारखा आढळला. चरकाचा बीजस्वभाव तो हाच. आमच्या बंधूंचा सडपातळपणा हें त्यांचें कर्तृत्व नव्हे आणि भावजयीचा स्थूलपणा हा तिचा अपराध नव्हे.

परंतु येथेंच लेख संपविला तर तो अर्धवट होईल, आणि अर्धवट सत्य घरांत घातक ठरतें. कारण लागलीच कोणी म्हणेल, कीं देहाचें वजन बीजानेंच ठरलेलें, तर मग चालावें कशाला आणि मोजून खावें कशाला! यावर आमचें साधें उत्तर आहे. आमच्या लहानपणीं नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारांत पोट सुटलेला माणूस बोटावर मोजावा इतका विरळा होता. आज लातूरच्या गंजगोलाईंत घटकाभर उभें राहून पाहावें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील सुमारें पांचांत एक स्त्री अतिकृश आढळली, आणि चारांत एकीच्या जवळपास प्रमाणाबाहेर जड. पन्नास वर्षांत बीज बदलत नाहीं. तेवढ्या काळांत दोन पिढ्याही धड होत नाहींत. मग बदललें काय?

बदलली ती परिस्थिति. खरिपाची ज्वारी जाऊन शिवारांत सोयाबीन आलें. घरांत भाकरीच्या जागीं दोन्ही वेळां गव्हाची पोळी आली. सायकल जाऊन दाराशीं मोटारसायकल आली. पाटा-वरवंटा, जातें, आडाचें पाणी गेलें, आणि तें गेल्याबद्दल घरांतील स्त्रियांपैकीं कोणास दुःख नाहीं, नसावेंही. लातूरचें शिकवणीचें नांव साऱ्या महाराष्ट्रांत झालें. गांवोगांवचीं मुलें तेथें येतात, दिवसाचे बारा तास बांकावर बसतात आणि मधल्या सुटींत पुड्यांतील तळलेले पदार्थ खातात. असल्या कारखानी अन्नाचा प्रयोग अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केला. वीस माणसांस दोन आठवडे कारखान्यांत बनविलेलें आणि दोन आठवडे साध्या जिनसांचें घरगुती पद्धतीचें अन्न दिलें. दोन्हींत साखर, स्निग्धांश व उष्मांक सारखे वाढले होते आणि हवें तितकें खाण्याची मुभा होती. कारखानी अन्नाच्या पंधरवड्यांत लोकांनीं आपण होऊन रोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खाल्ले.

म्हणून कांहीं शास्त्रज्ञ 'ठरीव वजन' हा शब्द सोडून 'स्थिरावलेलें वजन' असें म्हणतात. पाण्याची पातळी जशी ओढा व पाझर यांच्या मेळानें एका जागीं स्थिरावते तसें. जॉन स्पीकमन या जीवशास्त्रज्ञाचें मत आम्हांस अधिक पटतें. त्याच्या मतें देहास एक आंकडा नसून दोन सीमा आहेत, एक खालची आणि एक वरची. खालच्या सीमेवर पहारा कडक असतो, कारण तिच्या खालीं उपासमार व मृत्यु आहे. वरच्या सीमेवरचा पहारा कित्येकांत ढिला पडलेला आहे. दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत आपण कोठें राहतों हें घरचें ताट, चालणें, झोंप आणि चिंता यांवर ठरतें. आणि एकदां वर चढून तेथें वर्षानुवर्षें राहिलें कीं त्या नव्या जागेचेंही देह रक्षण करूं लागतो. हीच यांतील अवघड गोष्ट आहे. घर चढतांना देह अडवीत नाहीं. उतरूं लागतांच दार लावून उभा राहतो.

या विषयांत लातूरचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे, कारण गेल्या दशकांत महाराष्ट्रांत वजनाची जी एक मोठी चळवळ झाली तिचा उगम तेथला आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं, नागपूरचे बहुश्रुत विद्वान कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा आधार घेऊन, दिवसांतून दोनच वेळां, आणि तेंही प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत, जेवावें. मध्यें कांहीं खाऊं नये. आणि रोज ४५ मिनिटें चालावें, असा क्रम सांगितला. त्यांच्या व्याख्यानांस गर्दी लोटली, आणि आमच्या दोन्ही गांवांत असें घर विरळा कीं जेथें कोणीतरी तो क्रम धरून पाहिला नाहीं. दर दोन तासांनीं थोडें थोडें खावें असें सांगणारा पक्षही होताच, आणि कित्येक जेवणाच्या पंक्ती या वादानेंच रंगल्या.

आमच्या अल्पमतीप्रमाणें या चळवळीचें श्रेय असें कीं तिनें एक पैसा न घेतां सामान्य माणसास आपल्या ताटाकडे पाहावयास लावलें, आणि चहाबरोबर बिस्किट, बिस्किटानंतर चिवडा, ही दिवसभराची चरण्याची संवय अनेक घरांत मोडली. वेळेच्या बंधनांत स्वतंत्र जादू किती, याचा एक प्रयोग २०२२ सालीं चीनमध्यें झाला. १३९ स्थूल माणसांस वर्षभर सारखेंच कमी अन्न दिलें. निम्म्यांनीं तें सकाळीं ८ ते दुपारीं ४ या वेळांत खाल्लें, निम्म्यांनीं केव्हांही. दोन्ही गटांच्या उतरलेल्या वजनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. तेव्हां दोनदां जेवावें कीं चारदां, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. जो क्रम जन्मभर पाळवेल तो त्याचा. मात्र मधुमेहाचीं औषधें किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवणांतील अंतर वाढवूं नये. साखर एकाएकीं उतरून जिवावर बेतूं शकतें.

आतां राहिले आमचे सडपातळ बंधु. त्यांचें कोडें पुण्यांत सुटलें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्या खेड्यांतील नवजात मुलें सरासरीनें सुमारें २·७ किलोंचीं, इंग्लंडांतील साउदम्प्टनचीं ३·५ किलोंचीं. आमचीं मुलें सर्वांगांनीं लहान. स्नायु कमी, पोटांतील अवयव लहान. परंतु कातडीखालचा मेद मात्र त्या मानानें कमी नव्हता. अर्धपोटीं आईच्या उदरांत वाढणारें मूल मांस सोडतें पण मेद धरून ठेवतें. पुढें २००४ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा दोघांचाही आंकडा एकच, २२·३. पण इंग्रज डॉक्टरांच्या देहांत मेद ९·१ टक्के आणि आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या देहांत २१·२ टक्के!

म्हणजे सडपातळ दिसणें आणि मेद नसणें या दोन गोष्टी हिंदी माणसांत एक नव्हेत. मेद पोटाच्या आंत, यकृताभोंवतीं सांठतो, आणि सदरा घातल्यावर तो दिसत नाहीं. बंधूंच्या कमरेस फीत लावून पाहिली तेव्हां ती ९३ सेंटिमीटर भरली. आमच्या लोकांसाठीं डॉक्टरांनीं घातलेली मर्यादा पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० आहे. वर्षानुवर्षें घरांत कौतुक ज्यांचें झालें त्यांचेंच पोट तपासावयास हवें होतें, आणि थट्टा जिची झाली तिच्याकडे आमचे डोळे लागून राहिले होते.

मग उपाय काय? नवीं इंजेक्शनें निघालीं आहेत. २०२५ सालापासून तीं आपल्या देशांतही मिळूं लागलीं. तीं भुकेच्या मूळ यंत्रणेवरच काम करतात, आणि ज्यांस खरी गरज आहे त्यांस तीं वरदान ठरतील. परंतु सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या प्रयोगांत, औषध थांबविल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश परत आलें. औषध असेतों देह गप्प बसतो. तें जातांच आपला हट्ट पुन्हां धरतो. तेव्हां तें घ्यावें कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं ठरवावें. लग्नाच्या मुहूर्तासाठीं घेण्याची ती वस्तु नव्हे.

आम्हांस मोलाचा वाटला तो दुसराच एक प्रयोग, आणि तो आपल्याच देशांतला आहे. मद्रासचे, म्हणजे आतांच्या चेन्नईचे, डॉ. रामचंद्रन यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवर तो केला. २००६ सालीं तो प्रसिद्ध झाला. ज्यांस फक्त आहार सुधारावयास आणि रोज चालावयास लावलें त्यांच्यांत तीन वर्षांत मधुमेह होण्याचें प्रमाण २८·५ टक्क्यांनीं कमी झालें. आणि त्यांचें वजन? तें म्हणण्यासारखें उतरलेंच नव्हतें. आमच्या मतें या साऱ्या वाचनाचें सार येथें आहे. देहाचा हट्ट कांट्यावरील आंकड्यापुरता आहे, आरोग्यापुरता नाहीं. आंकडा हलला नाहीं म्हणून चालणें फुकट गेलें, असें समजून जो चालणें सोडतो तो खरें नुकसान करून घेतो. भावजयीची साखर मर्यादेंत कां राहिली याचें उत्तर, कोण जाणे, तिच्या त्या गच्चीवरच्या फेऱ्यांतच असेल. वजन परत आल्यावरही त्या तिनें सोडल्या नाहींत.

एकत्र कुटुंबांत तर ही गोष्ट अधिकच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या घरांत पथ्य म्हणजे एका माणसाची शिक्षा. त्याच्या ताटांत उकडलेली भाजी आणि इतरांच्या ताटांत पुरणपोळी. त्यानें सोसावें आणि इतरांनीं पाहावें. देह ज्या वेळीं आंतून भुकेची दवंडी पिटतो आहे त्या वेळीं समोर तळण मांडून मनोनिग्रहाची परीक्षा घेणें ही क्रूरता आहे, मग ती प्रेमानें केलेली कां असेना. बदलावयाचें तें चुलीवरचें भांडें, एकाचें ताट नव्हे. रात्रीं साऱ्या घरानें ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाल्ली तर कोणासच तें पथ्य वाटत नाहीं. स्थूलासाठीं चरकानें जीं धान्यें सांगितलीं त्यांत मूग, कुळीथ आणि यव यांबरोबर जूर्णाह्व हें नांव येतें. त्याचा अर्थ जोंधळा असा केला जातो. ज्या मातींत आपण जन्मलों तिनें हें औषध आपणांस फुकट दिलें होतें. उपासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी व बटाट्याचा चिवडा करून एकादशी दुप्पट खाण्याची रीतही थोडी आवरतां येईल. मुलांच्या वाढदिवसास, स्पर्धेंत जिंकल्यास, परीक्षेस निघाल्यास, प्रत्येक वेळीं प्रेम गोडानेंच व्यक्त केलें पाहिजे असें नाहीं. आणि लग्नाच्या मुली पाहतांना कांट्यासारखी नजर लावणें तर सोडावेंच. कारण अर्धपोटीं राहून सडपातळ झालेली मुलगी उद्यां आई होणार आहे, आणि तिच्या उदरांतील मुलानें मेद धरून ठेवण्याचा धडा तेथेंच गिरवावयाचा आहे.

वजन मुळींच पाहूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. एकाएकीं घटलें वा वाढलें तर डॉक्टर गांठावा. कमरेची फीत वर्षांतून दोनदां लावावी. चाळिशीनंतर साखर व रक्तदाब तपासावेत, आणि ते सडपातळांनीं आधीं तपासावेत. थोडेंसें वजन उतरून तेथेंच राहिलें तरी लाभ मोठा आहे. आम्हांस वाटत होतें तेवढें तें सोपें नाहीं, आणि ज्यास तें साधलें नाहीं तो आळशी किंवा खादाड नाहीं, एवढेंच सांगावयाचें आहे.

बंधु आतां रोज पहाटे पत्नीबरोबर चालावयास जातात. ती पुढें असते आणि हे धापा टाकीत मागें, असें पुतण्यानें कळविलें आहे. नातवाचा तो कांचेचा कांटा आम्हीं माळ्यावर ठेवून दिला असून कमरेची फीत शिवणाच्या डब्यांत आहे. राहिली धाकट्या भावजयीची गोष्ट. थोरल्या दिरानें भावजयीची क्षमा मागावी अशी रीत आमच्या घरांत नाहीं, आणि ती मोडण्याचें धैर्य या वयांत समोरासमोर होईल असेंही वाटत नाहीं. हें मासिक तिच्याकडे लातुरास दरमहा जातें. तिच्या प्रश्नाचें उत्तर, आणि जें उत्तराहून अधिक आहे तेंही, तिनें या पानांवरून घ्यावें.